निजामाच्या फर्मानापासून मतपेटीपर्यंत : राजाच्या सत्तेला मर्यादा कशी आली?

१९३७ सालच्या सुरुवातीला बुलढाणा जिल्ह्यातले मतदार आपला आमदार निवडत होते. त्यांच्याच शेजारच्या भोकरदन तालुक्यात, म्हणजे केदारखेडा आणि आसपासच्या गावांत, मतदान नावाची गोष्टच नव्हती.

दोन्हीकडे भाषा मराठी, पिकं सारखी, सोयरिकी एकमेकांत. आणखी गंमत म्हणजे कागदोपत्री दोन्ही मुलखांचा सार्वभौम राजा एकच होता, तो म्हणजे हैदराबादचा निजाम. पण वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे होता आणि मराठवाड्याचा कारभार निजामाकडे. एका बाजूला प्रांताची विधानसभा होती, दुसऱ्या बाजूला फर्मान होतं.

राजाची सत्ता संसदेनं कशी बांधली, हा प्रश्न आला की पुस्तकं लगेच इंग्लंडकडे जातात. ते चुकीचं नाही. पण हीच गोष्ट आपल्याकडे मराठवाड्यातही घडली, आणि ती घडली तेव्हा जन्मलेली माणसं आजही गावोगावी आहेत. ती नेमकी कशी घडली, ते टप्प्याटप्प्यानं समजून घेऊ.

आधी इंग्लंड : राजाकडच्या तीन किल्ल्या

कुठल्याही राजाच्या सत्तेचे मुख्य आधार तीन. कायदा कोण करतो? कर कोण बसवतो आणि तो पैसा कोण खर्च करतो? आणि फौज कुणाच्या हुकमानं चालते? या तीन किल्ल्या एकाच माणसाच्या कमरेला असतील, तर त्याला राज्यात कुणी ‘नाही’ म्हणू शकत नाही.

इंग्लंडमध्ये या किल्ल्या राजाकडून काढून घ्यायला काही शतकं गेली. १२१५ मध्ये सरदारांनी किंग जॉनकडून मॅग्ना कार्टा या सनदेवर शिक्का उमटवून घेतला. त्यात सगळ्या रयतेला हक्क मिळाले असं नाही, सरदारांनी बरंचसं स्वतःपुरतं पाहिलं होतं. पण राजासुद्धा लेखी नियमानं बांधला जाऊ शकतो, ही गोष्ट तिथे कागदावर आली.

पुढे संसद आली, पण राजे तिला बाजूला सारत राहिले. पहिल्या चार्ल्सनं संसदेशिवाय कारभार करून पाहिला, संसदेशी युद्ध केलं आणि १६४९ मध्ये त्याचा शिरच्छेद झाला. मधल्या काळात राजेशाही गेली, पुन्हा आली. शेवटी १६८८ मध्ये दुसरा जेम्स देश सोडून पळाला आणि नव्या राजा-राणीला गादी मिळाली ती अटी मान्य करून. १६८९ चा ‘हक्कांचा कायदा’ म्हणजे याच अटी. संसदेच्या संमतीशिवाय राजा कायदा स्थगित करणार नाही, कर बसवणार नाही आणि शांततेच्या काळात कायमची फौज बाळगणार नाही.

यातला कराचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा ठरला. राजाला लढाईसाठी पैसा लागायचा आणि पैसा संसदेच्या होकाराशिवाय मिळेना. त्यामुळे संसद दरवर्षी बोलवावीच लागे. मंत्रीही हळूहळू राजाच्या मर्जीपेक्षा संसदेतल्या बहुमतावर टिकू लागले. संसदेनं मंजूर केलेलं विधेयक राजगादीनं नाकारल्याचा शेवटचा प्रसंग १७०८ मधला, राणी ॲनच्या काळातला.

आता हीच फूटपट्टी हैदराबाद संस्थानाला लावून पाहू.

निजामाकडे काय काय होतं?

आजचा जालना जिल्हा १ मे १९८१ ला वेगळा झाला. त्याआधी यातला बहुतेक भाग औरंगाबाद जिल्ह्यात होता आणि १९४८ पर्यंत औरंगाबाद जिल्हा हैदराबाद संस्थानात. संस्थानात १६ जिल्हे होते : तेलुगू भाषकांचे ८, मराठवाड्याचे ५ आणि कन्नड भागाचे ३. १९४१ च्या जनगणनेत लोकसंख्या १ कोटी ६३ लाखांच्या आसपास होती. १९११ पासून गादीवर होते सातवे निजाम, मीर उस्मान अली खान.

पहिली किल्ली, कायदा. निजामाचं फर्मान हाच अंतिम शब्द. कुठलाही कायदा त्यांच्या मंजुरीशिवाय लागू होत नसे आणि त्यांचं फर्मान रद्द करू शकेल अशी संस्था राज्यात नव्हती.

दुसरी किल्ली, पैसा. संस्थानातली जमीन ढोबळमानानं तीन प्रकारची होती. सरकारी महसुलाची म्हणजे दिवाणी, सरदार-जहागीरदारांकडची जागीर, आणि निजामाची स्वतःची ‘सर्फेखास’. सर्फेखास साधारण दहावा हिस्सा होती. तिचा महसूल राज्याच्या तिजोरीत नाही, तर थेट निजामाच्या खासगीत जायचा. संस्थानाचं चलनही वेगळं होतं, हाली सिक्का. सात हाली रुपये म्हणजे इंग्रजी सहा रुपये, असा ढोबळ हिशेब असायचा.

तिसरी किल्ली, फौज. संस्थानाचं स्वतःचं सैन्य होतं आणि ते निजामाला जबाबदार होतं.

म्हणजे तिन्ही किल्ल्या एका ठिकाणी.

मर्यादा होती, पण ती लंडनहून आलेली

निजाम पूर्ण स्वतंत्र होते का? नाही. त्यांच्यावर इंग्रजांचं वजन होतं आणि त्याचा सगळ्यात ठळक पुरावा वऱ्हाडशीच जोडलेला आहे.

१८५३ च्या तहानं वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेलं. १९०२ मध्ये लॉर्ड कर्झननं ते वर्षाला २५ लाख रुपयांच्या मोबदल्यात कायमच्या भाडेपट्ट्यानं घेतलं. पुढे उस्मान अली खान यांनी वऱ्हाड परत मागितलं आणि आपला दर्जा इंग्रज सरकारच्या बरोबरीचा असल्याचा दावा केला. त्यावर व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांनी मार्च १९२६ मध्ये पत्र पाठवून स्पष्ट सांगितलं की भारतात इंग्रज राजगादीचं सार्वभौमत्व सर्वोच्च आहे आणि कुठल्याही संस्थानिकाला बरोबरीच्या नात्यानं बोलता येणार नाही. वऱ्हाड परत मिळालं नाही. १९३६ च्या करारानंतर निजामाच्या वारसाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ ही पदवी तेवढी मिळाली.

थोडक्यात, राजाला रोखणारा कुणीतरी होता, पण तो रयतेला जबाबदार नव्हता. इंग्रज रेसिडेंट निजामाला अडवायचा ते साम्राज्याच्या सोयीसाठी. केदारखेड्याच्या शेतकऱ्यावर किती महसूल लागावा, हे त्या शेतकऱ्याला विचारायची गरज रेसिडेंटलाही नव्हती आणि निजामालाही नव्हती.

मग विधिमंडळ नव्हतं का?

होतं, आणि ते १८९३ पासून होतं. सहावे निजाम महबूब अली खान यांच्या काळात हैदराबादेत कायदे करण्यासाठी एक मंडळ सुरू झालं. १९१९ मध्ये उस्मान अली खान यांनी ‘बाब-ए-हुकूमत’ म्हणजे कार्यकारी मंडळ नेमलं आणि सर अली इमाम त्याचे अध्यक्ष झाले. खाती होती, सचिव होते, फायली होत्या. पहिल्या सालारजंगांनी १८५३ ते १८८३ या काळात दिवाण म्हणून जिल्हे, महसूल आणि न्यायखातं यांची घडी बसवली होतीच. कारभार अंदाधुंद होता असं म्हणता येणार नाही.

पण कारभाराची शिस्त ही एक गोष्ट आणि सत्तेवरची मर्यादा ही दुसरी. त्या कायदेमंडळात अधिकाऱ्यांचा भरणा होता. मंडळानं केलेला कायदा निजामाच्या सहीनंच जिवंत व्हायचा. आणि मुख्य म्हणजे मंत्र्यांना त्या मंडळानं घरी पाठवता येत नव्हतं. मंत्री नेमायचे निजाम, काढायचेही निजाम.

सल्ला देणारी सभा आणि जाब विचारणारी सभा यांत हा फरक आहे. सल्ला ऐकावा की नाही, हे राजा ठरवतो. जाब मात्र द्यावाच लागतो, कारण न दिल्यास खुर्ची जाते किंवा पैसा अडतो. हैदराबादचं मंडळ १८९३ पासून १९४० च्या दशकापर्यंत पहिल्या प्रकारचंच राहिलं.

परतूरची मागणी

हा फरक मराठवाड्यातल्या लोकांना नीट कळला होता. संस्थानात सभा घ्यायलाही सरकारी परवानगी लागायची, त्यामुळे राजकीय काम सुरुवातीला वाचनालयं, राष्ट्रीय शाळा आणि भाषिक परिषदा यांच्या आडून चालायचं. १९३७ मध्ये महाराष्ट्र परिषदेचं पहिलं अधिवेशन परतूरला भरलं, गोविंदराव नानल यांच्या अध्यक्षतेखाली. परतूर आज जालना जिल्ह्यातच आहे.

या चळवळीची मुख्य मागणी होती ‘जबाबदार राज्यपद्धती’. आज हा शब्द ऐकला की ‘नीट वागणारं सरकार’ असं काहीतरी वाटतं. तेव्हा त्याचा अर्थ अगदी नेमका होता : मंत्रिमंडळ लोकांनी निवडलेल्या सभेला जबाबदार असावं, सभेचा विश्वास गेला तर ते जावं. गादी खाली करा, असं मागणीत नव्हतं. ‘निजामाच्या छत्रछायेखाली’ जबाबदार सरकार द्या, असं म्हटलं जायचं. म्हणजे इंग्लंडमध्ये जसा राजा राहिला पण किल्ल्या गेल्या, तसंच.

१९३८ मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेस स्थापन होत असतानाच, सप्टेंबरमध्ये, सरकारनं तिच्यावर बंदी घातली. ऑक्टोबरमध्ये सत्याग्रह सुरू झाला आणि स्वामी रामानंद तीर्थ यांच्यासह अनेक जण तुरुंगात गेले. ही बंदी थेट १९४६ मध्ये उठली.

अय्यंगार समिती : ८५ जागांची सभा

सरकारनं काहीच केलं नाही असं नाही. सप्टेंबर १९३७ मध्ये दिवाण बहादूर अरवमुदु अय्यंगार यांच्या अध्यक्षतेखाली राजकीय सुधारणांसाठी समिती नेमली गेली. तिच्या अहवालावरून जुलै १९३९ मध्ये सुधारणा जाहीर झाल्या.

त्यानुसार ८५ सदस्यांची विधानसभा येणार होती. त्यातले ४२ निवडून आलेले आणि ४३ नेमलेले किंवा पदसिद्ध. हा आकडा पुन्हा वाचा. निवडून आलेले सगळेच्या सगळे एकत्र आले तरी एका मतानं मागेच.

निवडणूकही गावनिहाय नव्हती. मतदारसंघ पाडले होते ते व्यवसाय आणि हितसंबंधांवर : जागीरदार, पट्टेदार, व्यापारी, वकील, डॉक्टर, पदवीधर, कामगार वगैरे. केदारखेडा आणि शेजारची गावं मिळून एक आमदार, अशी आजची कल्पना तिथे नव्हती.

या सगळ्यामागचा विचार असा होता की राजा हाच प्रजेचा खरा प्रतिनिधी आहे, त्यामुळे मंत्री त्याला जबाबदार असले की प्रजेला जबाबदार असल्यासारखंच आहे. ऐकायला हे ठीक वाटतं. पण राजाचं चुकलं, तर प्रजेनं कुणाकडे जायचं? या प्रश्नाला त्यात उत्तर नव्हतं.

दुसऱ्या महायुद्धाच्या कारणानं या सुधारणाही लांबल्या. निवडणुका झाल्या त्या १९४६ मध्ये आणि स्टेट काँग्रेसनं त्यांवर बहिष्कार टाकला.

त्याच वर्षी औंधात

१९३९ मध्येच आजच्या सातारा भागातल्या औंध या छोट्या संस्थानात नेमकं उलट घडत होतं. राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी आपणहून सत्ता रयतेकडे द्यायचं ठरवलं. त्यांचे चिरंजीव अप्पासाहेब पंत, पोलंडहून आलेले मॉरिस फ्रिडमन आणि महात्मा गांधी यांच्या सल्ल्यानं संस्थानाची राज्यघटना तयार झाली. पाया गावपंचायतीचा. पंचायतींमधून तालुका आणि तिथून विधानसभा. राजाचा स्वतःचा खर्चही बांधून दिलेला.

औंध होतं ७२ गावांचं. हैदराबादशी तुलना केली तर एखाद्या तालुक्याएवढंही नाही. त्यामुळे तिथे जमलं ते इथेही सहज जमलं असतं, असं म्हणता येणार नाही. पण संस्थानिकाला हे करणं अशक्य होतं, असंही यापुढे म्हणता येत नव्हतं. मार्च १९४८ मध्ये औंध इतर दख्खनी संस्थानांबरोबर मुंबई प्रांतात विलीन झालं.

मर्यादा नसलेली सत्ता कुणाकडे जाते?

जून १९४७ मध्ये निजामानं जाहीर केलं की इंग्रज गेल्यावर हैदराबाद स्वतंत्र सार्वभौम राज्य असेल. ७ ऑगस्टला स्टेट काँग्रेसनं भारतात सामील होण्यासाठी आंदोलन पुकारलं.

त्यानंतरची ऑक्टोबर १९४७ मधली एक घटना आपल्या विषयासाठी फार महत्त्वाची आहे. पंतप्रधान छत्तारीचे नवाब यांनी भारत सरकारशी ‘जैसे थे’ कराराचा मसुदा ठरवला. कार्यकारी मंडळानं तो मान्य केला. शिष्टमंडळ दिल्लीला निघणार, त्या २७ ऑक्टोबरच्या पहाटे रझाकारांच्या जमावानं वाटाघाटी करणाऱ्यांच्या घरांना वेढा घातला. शिष्टमंडळ निघू शकलं नाही, छत्तारींनी राजीनामा दिला आणि पुढे मीर लायक अली पंतप्रधान झाले. ‘जैसे थे’ करार शेवटी २९ नोव्हेंबर १९४७ ला झाला.

मंत्रिमंडळ पडलं, पण कुठल्या सभेतल्या मतदानानं नाही, तर रस्त्यावरच्या जमावानं. राजाला ‘नाही’ म्हणण्याची कायदेशीर जागा राज्यात तयारच झाली नव्हती. त्यामुळे निजामाचा शब्द कमजोर पडू लागला तेव्हा ती पोकळी लोकप्रतिनिधींनी भरली नाही, कासिम रझवीच्या रझाकारांनी भरली. पुढच्या वर्षभरात मराठवाड्यातल्या गावांनी जाळपोळ, लूट आणि खून पाहिले.

१३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय सैन्य हैदराबादेत शिरलं. सोलापूरकडून मुख्य फौज गेली, तर दुसरी तुकडी औरंगाबादवरून जालन्याकडे आली. १७ सप्टेंबरला निजामानं शस्त्रसंधी जाहीर केली, आणि दुसऱ्या दिवशी जनरल एल एद्रूस यांनी मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांच्यापुढे शरणागती पत्करली. या कारवाईच्या काळात आणि नंतर संस्थानातल्या मुस्लीम वस्त्यांवरही मोठा हिंसाचार झाला. त्याच्या चौकशीसाठी भारत सरकारनं पंडित सुंदरलाल यांची समिती पाठवली होती. मुक्तिसंग्रामाच्या इतिहासात ही बाजूही नोंदवायला हवी.

फर्मानानंच फर्मान संपवलं

सैन्य आलं म्हणजे लगेच लोकशाही आली, असं नाही. जनरल चौधरी लष्करी गव्हर्नर होते. त्यांच्यानंतर एम. के. वेलोडी हे नेमलेले सनदी अधिकारी सरकारचे प्रमुख झाले. सप्टेंबर १९४८ ते मार्च १९५२ या साडेतीन वर्षांत मराठवाड्यात निवडून आलेलं सरकार नव्हतं. संविधान सभेतही हैदराबादचे प्रतिनिधी नव्हते.

पण या काळात किल्ल्या एकेक करून काढल्या गेल्या. फौज तर गेलीच होती. फेब्रुवारी १९४९ मध्ये सर्फेखास जमिनी दिवाणीत विलीन झाल्या, म्हणजे राजाची खासगी महसुली जमीन राज्याची झाली. ऑगस्ट १९४९ मध्ये जागिरी रद्द करणारा नियम निघाला.

राहिला कायदा. २३ नोव्हेंबर १९४९ ला निजामानं फर्मान काढून भारताचं संविधान हेच हैदराबादचं संविधान असेल, हे मान्य केलं. तीन दिवसांनी, २६ नोव्हेंबरला, संविधान सभेनं संविधान स्वीकारलं. ज्या अधिकारानं निजाम इतकी वर्षं कायदे करत होते, तोच अधिकार वापरून त्यांनी यापुढे आपला शब्द कायदा नसेल असं लिहून दिलं.

राजप्रमुख : नाव राजाचं, शब्द मंत्र्यांचा

२६ जानेवारी १९५० ला उस्मान अली खान हैदराबाद राज्याचे ‘राजप्रमुख’ झाले. आज हा शब्द कुणाला आठवत नाही, पण संविधानात तो सहा वर्षं होता. मोठ्या संस्थानांचं जे ‘ब’ वर्गातलं राज्य बनलं, त्याच्या प्रमुखाला राजप्रमुख म्हणत. काम जवळजवळ राज्यपालाचं.

१९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत हैदराबाद विधानसभेच्या १७५ जागांसाठी मतदान झालं. २१ वर्षांवरच्या प्रत्येक स्त्री-पुरुषाला मत होतं. जमीन किती, शिक्षण किती, असला कुठलाच निकष नव्हता. १९३७ मध्ये शेजारच्या वऱ्हाडात मत होतं, पण तेही मालमत्ता आणि शिक्षण पाहून दिलेलं. पंधरा वर्षं मागे असलेला भोकरदन तालुका एका निवडणुकीत तेव्हाच्या वऱ्हाडाच्याही पुढे गेला.

काँग्रेसला ९३ जागा मिळाल्या आणि मार्च १९५२ मध्ये बुर्गुल रामकृष्ण राव मुख्यमंत्री झाले. आता चित्र पूर्ण उलटं होतं. सही राजप्रमुखांची, निर्णय मंत्रिमंडळाचा आणि मंत्रिमंडळ विधानसभेला जबाबदार. परतूरच्या काळात मागितलेली ‘छत्रछायेखालची जबाबदार राज्यपद्धती’ अशा रीतीनं प्रत्यक्षात आली. फक्त छत्र आता संविधानाचं होतं.

१ नोव्हेंबर १९५६ ला राज्य पुनर्रचना झाली. मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, हैदराबाद राज्य संपलं आणि राजप्रमुख हे पदही रद्द झालं. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला.

शेवटचा दुवा : तनखा

विलीनीकरणाच्या वेळी संस्थानिकांना वार्षिक तनखा आणि काही विशेष अधिकार देण्याचं वचन दिलं होतं, आणि ते संविधानाच्या कलम २९१ आणि ३६२ मध्ये होतं. निजामाचा तनखा वर्षाला ५० लाख रुपये होता.

१९७० मध्ये इंदिरा गांधी सरकारनं तनखे बंद करायला घटनादुरुस्ती आणली. लोकसभेत ती मंजूर झाली. राज्यसभेत बाजूनं १४९ आणि विरोधात ७५ मतं पडली. दोन तृतीयांशसाठी १४९ पूर्णांक एक तृतीयांश लागत होती. एका मताच्या तुकड्यानं दुरुस्ती पडली. सरकारनं मग राष्ट्रपतींच्या आदेशानं संस्थानिकांची मान्यताच काढून घेतली. ग्वाल्हेरचे माधवराव शिंदे आणि इतर संस्थानिक सर्वोच्च न्यायालयात गेले आणि डिसेंबर १९७० मध्ये न्यायालयानं तो आदेश रद्द केला.

इथे निकालाचा फायदा राजांना झाला, म्हणून अनेकांना तो खटकला. पण न्यायालयानं लावलेलं तत्त्व जुनंच होतं : संविधानात लिहिलेली गोष्ट सरकारला नुसत्या आदेशानं पुसता येणार नाही. फर्मान निजामाचं असो की निवडून आलेल्या सरकारचं, त्याला मर्यादा आहे. सरकारला पुन्हा संसदेतच जावं लागलं. १९७१ च्या निवडणुकीत मोठं बहुमत मिळाल्यावर डिसेंबरमध्ये २६ वी घटनादुरुस्ती झाली आणि तनखे संपले. उस्मान अली खान यांचं १९६७ मध्येच निधन झालं होतं.

गावाच्या हातात काय आलं?

या सगळ्याचा खुणा मराठवाड्याच्या जमिनीच्या कागदांत सापडतात. १९५० चा हैदराबाद कूळवहिवाट व शेतजमीन कायदा आणि १९५४ चा इनामं रद्द करणारा कायदा हे त्याच काळातले. इथल्या जमिनीच्या दाव्यांत आजही ‘हैदराबाद कायदा’ हे शब्द येतात ते यामुळेच. जहागीरदाराच्या मर्जीवर असलेला कसणारा माणूस कायद्यानं कूळ ठरला, हा सत्ता बदलल्याचा गावातला सगळ्यात ठोस परिणाम होता. तो सगळीकडे सारखा पोचला नाही, ही गोष्टही खरी.

आणि तीन किल्ल्या? त्या आज कुठे आहेत, तेही पाहू.

कायदा संसद आणि विधानसभेकडे आहे. राष्ट्रपती किंवा राज्यपाल अध्यादेश काढू शकतात, पण सभागृह पुन्हा भरल्यावर सहा आठवड्यांत तो मंजूर झाला नाही तर संपतो. पैशाबाबत कलम २६५ अगदी छोटं आहे : कायद्याच्या आधाराशिवाय कुठलाही कर बसवता किंवा वसूल करता येणार नाही. १६८९ मध्ये इंग्लंडच्या संसदेनं राजाकडून जे लिहून घेतलं, त्याचाच हा भारतीय वारसा. फौजेचे सर्वोच्च प्रमुख राष्ट्रपती आहेत, पण ते मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानं चालतात आणि फौजेचा खर्च लोकसभा मंजूर करते.

पण हैदराबादच्या गोष्टीतून एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. सभागृहाची इमारत, सदस्य आणि ठराव हे सगळं १८९३ पासून होतं. नव्हता तो जाब विचारण्याचा अधिकार. म्हणून आजही अंदाजपत्रक चर्चेविना मंजूर होतं, अध्यादेश पुन्हापुन्हा निघतात किंवा अधिवेशन चार दिवसांत गुंडाळलं जातं, तेव्हा प्रश्न फक्त विरोधी पक्षाचा नसतो. सल्ल्याची सभा आणि जाबाची सभा यांतली रेघ तिथे पुसट होत असते.

हीच कसोटी गावालाही लागू होते. ग्रामपंचायत कायद्यानुसार महाराष्ट्रात वर्षातून किमान चार ग्रामसभा व्हायला हव्यात, आणि पंचायतीचा जमाखर्च तिथे गावासमोर येतो. १९४८ पूर्वी केदारखेड्याच्या माणसाला महसूल कुठे गेला हे विचारायची जागाच नव्हती. आता ती जागा आहे. तिथे जाऊन विचारणं मात्र गावालाच करावं लागतं.